आज्जीची ओवी अंगणवाडीच्या भिंतीवर

बुधवार, रात्री

आज पालकसभा झाली आणि परत तेच, ताई एबीसीडी कधी चालू करणार, शेजारच्या गावात केजीतली पोरं वन टू हंड्रेड म्हणत्यात, आमचं पोरगं घरी येऊन नुसती गाणीच म्हणतंय. मला या प्रश्नाचा राग येत नाही. उसाच्या बिलातनं नाहीतर बागेतल्या मजुरीतनं फी भरायची तयारी असते या लोकांची, आपलं पोरगं मागं पडू नये एवढंच त्यांचं म्हणणं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण सभेत उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरत नाहीत, पोषण आहाराचं आणि आधार लिंकचं बोलण्यातच सगळा वेळ जातो, म्हणून इथं सावकाश लिहून काढतेय.

माझं म्हणणं असं, की गाणं, गोष्ट, रांगोळी, मातीकाम, सोंग हे सगळं अभ्यास झाल्यावरचा विरंगुळा नाहीच. तीन ते सहा वर्षांच्या पोरांचा वाचायला-लिहायला शिकायचा रस्ताच तिथनं जातो. आणि त्याला लागणारं सामान मिरजेच्या पूर्व भागातल्या आमच्यासारख्या गावात घराघरात पडलंय, कुठनं मागवायला लागत नाही.

भिंतीवरच्या ओवीचंच सांगते. आमच्याकडं एक साडेचार वर्षांची पोरगी आहे, तिला सोडायला रोज तिची आज्जी येते. अंगणवाडीच्या समोरच्या घरात अजून जातं आहे, हळद-बिळद दळायला काढतात कधीतरी. मी आज्जीला म्हटलं, पोरांना जात्यावरचं गाणं ऐकवा की. तर म्हणाल्या, "आगं बाय, मी कुठं शाळा शिकलीया, मला काय येतंय?" मदतनीस ताईंनी त्यांचा हात धरून जात्यापाशी बसवलं, मूठभर गहू टाकले आणि खुंटा हातात दिला, मग मात्र त्या थांबायलाच तयार नाहीत. पंढरीच्या, भावाच्या, माहेराच्या अशा किती म्हटल्या. पोरं जात्याभोवती कोंडाळं करून बसलेली, आणि ही नात पाळूवर सांडलेल्या पिठात बोटानं रेघा ओढत होती. आज्जीनं ते बघितलं आणि तिथल्या तिथं जोडली,

पीठ सांडलं पाळूवरी, तान्हं बोटानं रेघ वढी
आज्जी म्हणे माझ्या राघूला, लिवायाची लई गोडी

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून बायकांकडनं एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या सगळ्या अशाच बायकांच्या, ज्यातल्या कितीतरी जणींना सही करता येत नव्हती. त्यांची भाषा बघा, यमक बघा, दोन ओळीत आख्खं घर उभं करतात. मग ज्या घरात अशी आज्जी आहे त्या घरात भाषेचं शिक्षण नाही असं आपण कुठल्या तोंडानं म्हणतो?

मी त्या दोन ओळी ड्रॉइंग शीटवर जाड स्केचपेननं लिहिल्या आणि पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवल्या, शब्दाशब्दात भरपूर जागा सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरगी चप्पल काढून थेट तिथंच गेली. ओवी तोंडपाठ होती, अक्षरं येत नव्हती. बोट ठेवून म्हणायला लागली. पीठ म्हणताना बोट पहिल्या शब्दावर, सांडलं म्हणताना दुसऱ्यावर, पण पाळू म्हणताना तिसऱ्यावर आणि वरी म्हणताना चौथ्यावर गेलं. ओळ संपली आणि तोंडात "वढी" शिल्लक राहिलं. ती थांबली. कागदाकडं बघितलं, माझ्याकडं नाही बघितलं. परत मागं जाऊन सुरुवात केली, आणि या वेळी पाळूवरी पूर्ण म्हणून होईपर्यंत बोट हलवलंच नाही. शेवटच्या शब्दाला बोट आणि आवाज एकदमच पोचले.

मला तर तिथंच उचलून घ्यावंसं वाटलं तिला. कारण त्या दोन मिनिटात तिला काय काय उमगलं बघा, की आपण बोलतो तेच कागदावर असतं, ते डावीकडनं उजवीकडं जातं, तोंडातला एक शब्द म्हणजे कागदावरचा एक गठ्ठा आणि मधे मोकळी जागा असते, ओळ संपली की खालच्या ओळीला यायचं. हे कळल्याशिवाय ग म भ न घोकून काही उपयोग होत नाही, अक्षरं पाठ असलेली पण वाचता न येणारी पोरं चौथीत सुद्धा दिसतात. आणि राघूमधला रा तिच्या नावात पण आहे, तो तिनं दुपारी स्वतःच शोधून काढला.

हे काय माझ्या डोक्यातनं आलेलं खूळ नाही. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, त्यात तीन ते आठ वर्षांचा सगळा काळ पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरलाय, म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एकाच धाग्यातली. त्यावरचा अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, त्यात तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तक नकोच असं म्हटलंय, खेळ, गाणी, गोष्टी, खेळणी, आणि शिकवायची भाषा शक्यतो घरची. पुढच्या सभेत हे मी मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, कारण सरकारी कागदात आहे म्हटल्यावर बापे लोक जरा ऐकतात.

आणि त्याच्याही कितीतरी आधी ताराबाई मोडक. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, मग १९४५ ला बोर्डीला गेल्या, पुढं १९५७ ला कोसबाडला, सोबत अनुताई वाघ. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यावर कुठनं आणणार, तर बिया, शिंपले, पानं, खडे यावर काम चालवलं, आणि पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे ताराबाईंचं काम त्याच्या तीस वर्षं आधीचं. आम्ही सेविका रोज रजिस्टरवर अंगणवाडी हा शब्द लिहितो, पण आमच्या ट्रेनिंगमध्ये या बाईबद्दल अजून खूप सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं.

गुरुवार

आज मिरजेहून चाचा आले. माझ्या नणंदेच्या ओळखीचे, सतारमेकर गल्लीतले. नुसतं बघायला म्हणून एक अर्धवट झालेला तंबोरा आणि एक पुरा झालेला, दोन्ही रिक्षातनं आणले, भाडं सुद्धा घेतलं नाही. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावायचं काम सोडून तंतुवाद्यं बनवायला घेतली त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, १९३७ साली गेले, दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथं दरवर्षी गाण्याचा उत्सव होतो. एवढं सगळं आमच्या गावापासनं एसटीनं जाण्याइतकं जवळ, आणि आमच्या पोरांनी तंबोरा कधी हातात धरलेला नाही.

चाचांनी आधी सुका भोपळा पोरांच्या हातात दिला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात हे भोपळे. पोरांनी वाजवून बघितला, हुंगून बघितला, एकानं आत तोंड घालून स्वतःचं नाव ओरडलं, मग सगळ्यांनाच ओरडायचं होतं, अर्धा तास त्यातच गेला आणि जाऊ दिला मी. मग पुरा तंबोरा. चार तारा. एकेकानं भोपळ्याला कान लावायचा आणि चाचा तार छेडणार. त्यांनी अजून एक केलं, घोडीवर तारेखाली जो दोरा असतो ना, जवारीचा, तो काढला आणि तार वाजवली, आवाज कोरडा, टण्ण. मग दोरा आत सरकवला, किंचित मागं-पुढं केला आणि वाजवली, तर आवाज एकदम खुलला, घुमतच राहिला. विचारलं, "कौनसा अच्छा लगा?" सगळ्यांनी दुसऱ्याला हात वर केले. एक बारकी म्हणाली, पहिला आवाज पटकन संपला, दुसरा हळू संपला.

पावणेचार वर्षांची आहे ती. दोन आवाजातला एवढा बारीक फरक कान देऊन ऐकायचा आणि तो शब्दात सांगायचा, वाचनाला हाच कान लागतो, कारण पट आणि फट, कान आणि खाण यातला फरक आधी कानाला कळायला पाहिजे, मग डोळ्याला. मी लगेच तिथंच टाळ्यांचा खेळ घेतला, तंबोरा तीन टाळ्या, तार दोन, भोपळा तीन, चाचा दोन. चाचांनी पण टाळ्या वाजवल्या.

शनिवार, उशिरा

मुख्यसेविका मॅडमना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या फोटो पाठवा. पाठवले.

आज चिऊ-काऊ केलं. शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस आला आणि कावळा दार वाजवतोय. ही गोष्ट मला लहान पोरांच्या भाषेसाठी सगळ्यात भारी वाटते, कारण चिमणी परत परत एकच वाक्य म्हणते, थांब माझ्या बाळाला अमुक करू दे, आणि दर वेळी फक्त मधला भाग बदलतो. वाक्याचा साचा पोरांना आयता मिळतो आणि त्यात स्वतःचं भरायला जागा पण मिळते. मी गोष्ट सांगितली फक्त सुरुवातीला, मग एक पोरगी चिमणी, एक पोरगा कावळा, दार म्हणून मदतनीस ताईंची ओढणी. आणि चिमण्या बदलत गेल्या तशी वाक्यं यायला लागली. थांब, माझ्या बाळाचं वजन करू दे. थांब, माझ्या बाळाला डोस पाजू दे. थांब, मोटर चालू करू दे, लाईट आलीया. हे शेवटचं म्हणणारा पोरगा एरवी तोंडातनं शब्द काढत नाही, त्याचा बाप रात्री-अपरात्री मोटर चालू करायला रानात जातो, ते घर त्यानं चिमणीच्या तोंडी घातलं. मी सगळी वाक्यं पट्ट्यांवर लिहून दाराशी लावली. आपली पट्टी कुठली ते प्रत्येकाला बरोबर माहितीय, आणि मोटरची पट्टी तर सगळ्यांना.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, तिथनं मराठी रंगभूमी मोजतात, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. बालगंधर्वांचं नागठाणे याच जिल्ह्यातलं. अशा जिल्ह्यात पोरांना नाटक म्हणजे गॅदरिंगचे भाड्याचे ड्रेस आणि स्पीकरवरच्या गाण्यावर पाठ केलेला नाच एवढंच मिळावं, हे मला अजिबात पटत नाही. आईबापांनी शूटिंग करावं म्हणून पोरांना दोन-दोन महिने एकाच स्टेपवर उभं करायचं, त्यात पोराचं स्वतःचं काय असतं?

अजून एक राहिलं. आमच्याकडं एका पोराच्या घरी कन्नड बोलतात. सीमेवरचं गाव, असं असणारच. त्याची आई भांगलायला जायच्या आधी दहा मिनिटं थांबली आणि तिनं कन्नड अंगाई म्हटली, डोक्यावरचा पदर सारखा करत, खाली बघून. पोरं एकदम गप्प. तो पोरगा आईच्या पायाला चिकटून सगळ्यांकडं बघत होता, आणि दुसरं कडवं त्यानं आईबरोबर म्हटलं. मी ऐकून ऐकून देवनागरीत लिहून घेतली, संध्याकाळी त्याच्या वडिलांनी, ते कन्नड शाळेत शिकलेत, खाली कन्नड अक्षरात लिहून दिली. आता पोरं दोन्ही ओळींवर बोट फिरवतात. गेल्या सीझनला ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या पोरी होत्या, त्यांची फुगडीची गाणी आमच्या पोरींनी उचलली होती आणि ती अजून म्हणतात, ती पण लिहून घ्यायला पाहिजेत, कोण विसरायच्या आत.

बोटांचं म्हणाल तर तेही यातच होतं. बेंदराला मातीचे बैल केले, पंचमीला नाग केले, रांगोळीची चिमूट, ठिपके, तांदळातले खडे निवडणं, ज्या बोटांनी हे केलं ती बोटं पेन्सिल आपसूक नीट धरतात. ज्यांच्या हातात अडीच वर्षांचं असताना घरच्यांनी पेन्सिल दिली ती पोरं मूठ आवळून धरतात आणि पान फाटेपर्यंत दाबतात, त्यांची बोटं सैल करायलाच माझा महिना जातो.

तर आता ठरवलंय, प्रत्येक घराचं एक पान. गृहभेटीला जाईन तेव्हा प्रत्येक आईला, आज्जीला, आजोबांना एक गाणं, उखाणा, कोडं, काय येत असेल ते विचारायचं, त्यांना लिहिता येत असेल तर त्यांच्याच अक्षरात, नसेल तर त्या सांगतील आणि मी लिहीन, बाजूला पोरानं चित्र काढायचं. ते सगळं शिवून वर्गाचं पहिलं पुस्तक. पानावर चारच ओळी, अक्षर मोठं. साधी वही नको, पोरांच्या हातात आठवडा टिकणार नाही, ड्रॉइंग शीट मधे दुमडून सुतळीनं शिवली तर बरं पडेल आणि कडेला प्लास्टिकची चिकटपट्टी. सोमवारी मिरजेत मीटिंग आहे, येताना शीट आणि काळे स्केचपेन घेऊन यायचे, आणि मोटरवाल्या पोराच्या घरी संध्याकाळी सातच्या आत जायचं, नंतर त्याचा बाप रानात असतो.