उडा आणि बाळंतशेपा

लेकीच्या बाळंतपणाला लागोसला निघाले तेव्हा सामानातलं निम्मं वजन खाण्याचं होतं. डिंक, हाळीव, खारकेची पूड, ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि मालवणहून मुद्दाम मागवलेला काताबोळ. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते. लेक नायजेरियात असली की माहेरालाच उचलून तिच्याकडे न्यावं लागतं.

तिथे पोचल्यावर कळलं की यात नवल वाटण्यासारखं काहीच नाही. खालच्या मजल्यावरची मुलगी आमच्या लेकीच्या दहा दिवस आधी बाळंत झाली होती आणि तिची आईही ओवेरीहून दिवसभर बसमध्ये बसून आली होती. ते इग्बो, म्हणजे आग्नेय नायजेरियातला एक मोठा समाज. त्यांच्यात ही रीतच आहे, तिला ओमुग्वो म्हणतात. लेक बाळंत झाली की आई तिच्या सासरी येऊन राहते, महिनाभर, कधी तीन महिनेही. बाळाला न्हाऊ घालते, गरम पाण्यात टॉवेल पिळून लेकीचं पोट शेकते, स्वयंपाक तर करतेच. निघताना जावई तिला कापडं आणि पैसे देऊन पाठवणी करतो. (हे मी आमच्या जावईबापूंच्या देखत दोनदा सांगून पाहिलं. ते मोबाइलमध्ये होते.)

त्या बाईंना मी 'मामा' म्हणायचे आणि त्या मला 'मामा' म्हणायच्या. तिथे वयस्कर बाईला मामाच म्हणतात. साठ वर्षांची झाल्यावर आपण कुणाच्या तरी आईचा भाऊ होऊ असं वाटलं नव्हतं, पण आठवड्यात सवय झाली.

खरी पंचाईत लाडवांची होती. लेकीने पहिल्या दिवशी डिंकाचा लाडू अर्धा खाल्ला, दुसऱ्या दिवशी पाव, आणि तिसऱ्या दिवशी "आई, नको ना" म्हणून तोंड फिरवलं. हाळिवाची खीर वाटीत थिजून गेली. तशात खालून स्टीलच्या डब्यात झाकून एक रस्सा आला. झाकण काढलं आणि घरभर असा वास पसरला की ओव्याची धुरी, जायफळ आणि जुन्या लाकडी पेटीतला कापूर एकदम आठवले. लेकीने तो डबा पुसून खाल्ला. मी कौतुकाने बघत होते असं म्हटलं तर ते खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खाली गेले. मामा ओट्याशी उभ्या होत्या. मी डब्याकडे बोट दाखवून "वास कशाचा?" असं नाकानेच विचारलं. त्यांनी मूठ उघडून दाखवली आणि म्हणाल्या, "उडा!" मी एक पाऊल मागे सरले. मग लक्षात आलं की ही आज्ञा नव्हे, नाव आहे.

मुठीत काळ्या, वाकड्या शेंगा होत्या, करंगळीएवढ्या. चवळीची शेंग वेलावरच सुकून काळी पडावी तशा, आतल्या बिया बाहेरून गाठीगाठींनी दिसणाऱ्या. धुरावर वाळवतात म्हणून तो धूर अंगात मुरलेला. मामांनी दोन शेंगा पाट्यावर ठेवून वरवंट्याने एकेकदाच दाबल्या. पूड नाही, कूट नाही, नुसतं ठेचणं. मग अंगठ्याने बिया काढून टाकल्या. मी हळहळले, कारण वेलदोड्याचे दाणे आपण जपून वापरतो आणि सालं चहात टाकतो. इथे उलटं. सगळा सुवास सालात आणि बी कडू. ठेचलेल्या शेंगा तशाच रश्श्यात सोडायच्या आणि वाढताना काढून घ्यायच्या.

रस्सा म्हणजे जी म्मिरी ओकू. शब्दशः याम आणि गरम पाणी. याम म्हणजे आपल्या कोनफळाचा पांढरा, ढांगळा भाऊ. त्याच्या फोडी, धुरावर सुकवलेला मासा, भरपूर मिरची, उझिझाचे मिऱ्यासारखे दाणे, शेवटी उताझीची थोडी कडू पानं, आणि या सगळ्यावर उडा. तेल जवळजवळ नाहीच. सुक्या माशाचं मला नवल नव्हतं, आमच्याकडे सुकटीशिवाय पावसाळा जात नाही. पण बाळंतिणीच्या भांड्यात इतकी मिरची बघून माझ्या आईने कपाळाला हात लावला असता.

"ई गुड फॉर बेले," मामा म्हणाल्या. पोटाला चांगलं. आतलं सगळं धुऊन काढतं, गर्भाशय आवळतं, दूध येतं. मी हसले, कारण बाळंतशेपाबद्दल माझी वाक्यं अगदी हीच होती, क्रमही तोच. यात गुण उडाचा किती आणि गरम रश्श्याचा, माशाचा, आयत्या ताटाचा आणि आई घरात असल्याचा किती, हे वेगळं काढायला कुणी सांगितलं तर मी तरी बाळंतशेपाचं नाव घेऊन गप्प बसेन.

मात्र एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. तिसऱ्या मजल्यावरची पोटुशी मुलगी बाळ बघायला आली आणि तिने हौसेने वाटी पुढे केली. मामांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. पोटात पोर असताना उडा नाही, काय ते नंतर. तिला साधा भात आणि टोमॅटोचा स्टू मिळाला. आपल्या घरात पपई लपवतात ना, तसंच.

जावईबापू कामानिमित्त सेनेगलला जाऊन आलेले आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिथे हीच शेंग कॉफीत घालतात. तिथे तिचं नाव 'जार'. कॉफीच्या बियांबरोबर भाजून, दळून, फडक्यातून गाळून ती साखर घालून पितात, आणि तिला काफे तुबा म्हणतात. तुबा हे मुरीद या सूफी मुस्लिम पंथाचं सेनेगलमधलं पवित्र शहर. पंथाचे संस्थापक शेख अमादू बांबा यांना फ्रेंचांनी १८९५ मध्ये गॅबॉनला हद्दपार केलं, १९०२ मध्ये ते परतले, आणि ही कॉफी त्यांनीच सोबत आणली असं तिथले लोक मानतात. एकीकडे बाळंतिणीचा रस्सा, दुसरीकडे शेखांची कॉफी. शेंगेचं बरं चाललंय.

आणखी एक गंमत मला घरी आल्यावर कळली. उडाचं झाड सीताफळाच्या कुळातलं. शास्त्रीय नाव झायलोपिया इथिओपिका, म्हणजे इथिओपियाची, पण जुन्या युरोपीय लोकांना सगळी काळी आफ्रिका इथिओपियाच होती. खरा वावर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. झाड उंच, सरळसोट, आणि फळं झुबक्याने लागणारी. सासवडच्या सीताफळाला हा नातेवाईक सांगितला तर ते मान्य करायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी मामांना बाळंतशेपाची पुरचुंडी दिली. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले, बराच वेळ चघळले, आणि शेवटी मान डोलावून विचारलं, "मिरची कुठेय?" बदल्यात त्यांनी लागोसच्या 'माइल १२' नावाच्या बाजारातून आणलेला उडाचा अख्खा जुडगा माझ्या हातात कोंबला. आता तो स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर बरणीत आहे, ओव्याशेजारी. परवा बहिणीने झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, चिंच खराब झालीय वाटतं तुझी."