टाइम गॅप, म्हणजे पुढच्या गाडीमागे ठेवलेलं सेकंदांतलं अंतर, 1.5 वरून 1.0 केला, क्षमता वाढली. यात शोध कुठला?

स्वयंचलित गाड्यांमुळे रस्त्याची क्षमता अमुक टक्क्यांनी वाढते, असा निष्कर्ष काढणारं सिम्युलेशन समोर आलं की मी आलेखांकडे नंतर जातो. आधी पॅरामीटरचा तक्ता उघडतो. आकडा बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो.

गाडीमागे गाडी चालवण्याचं इंटेलिजंट ड्रायव्हर मॉडेल, म्हणजे आयडीएम, घ्या. ट्रायबर, हेनेके आणि हेल्बिंग यांनी ते 2000 साली मांडलं. त्यातलं समतोल अंतर कागदावर काढता येतं: उभ्या गाड्यांमधलं किमान अंतर अधिक वेग गुणिले टाइम गॅप, आणि या बेरजेला भागायचं 1 वजा (वेग भागिले इच्छित वेग)चा चौथा घात, याच्या वर्गमुळाने. किमान अंतर 2 मीटर, इच्छित वेग ताशी 120 किमी, प्रत्यक्ष वेग सेकंदाला 20 मीटर आणि टाइम गॅप 1.5 सेकंद धरला, तर अंतर 34.3 मीटर येतं. त्यात गाडीची 5 मीटर लांबी मिळवली की प्रत्येक गाडी 39.3 मीटर रस्ता अडवते, म्हणजे एका लेनमधून तासाला सुमारे 1830 गाड्या जातात. आता फक्त टाइम गॅप 1.0 करा. अंतर 23.6 मीटरवर येतं आणि प्रवाह 2520 च्या आसपास जातो. वाढ झाली सुमारे 37.5 टक्के, तीही सिम्युलेशन न चालवता. हाच आकडा हजारो गाड्या पळवून पुन्हा मिळवला, तर आपण भागाकार तपासला एवढंच म्हणता येईल.

खरा प्रश्न पुढचा आहे. एवढ्या जवळून चालणारी रांग स्थिर राहते का? पुढच्याने ब्रेकला जरासा पाय लावला तर तो धक्का मागे जाताना विरतो की वाढत जातो? अगदी मंद वेगात आयडीएमसाठी याची अट सुटसुटीत आहे: मॉडेलमधलं कमाल त्वरण गुणिले टाइम गॅपचा वर्ग हे किमान अंतराइतकं किंवा त्याहून जास्त हवं. किमान अंतर 2 मीटर असेल तर 1.5 सेकंदाच्या गॅपला 0.89 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण पुरतं, पण 1.0 सेकंदाला पूर्ण 2.0 लागतं. म्हणजे त्वरण 1.2 वर ठेवून कोणी फक्त गॅप कमी केला, तर त्याने क्षमता वाढवताना गर्दीतली स्थिर रांग अस्थिर करून ठेवली. मूळ शोधनिबंधातली मूल्यं (गॅप 1.6, त्वरण 0.73, किमान अंतर 2) या अटीत घालून पाहा: 1.87 येतात, म्हणजे 2 च्या सीमेच्या जरासे खाली. त्या मॉडेलमध्ये थांबा-चला लाटा उगाच उमटत नाहीत.

म्हणून नवा कंट्रोलर (स्वयंचलित गाडीचा वेग ठरवणारा प्रोग्रॅम) शहराच्या नेटवर्कमध्ये सोडण्याआधी दोन छोट्या चाचण्या लावाव्यात. पहिली सरळ रस्त्यावरची. दहा गाड्यांची रांग 20 मीटर प्रति सेकंदावर स्थिर करा, पहिलीचा वेग 15 वर आणून परत 20 करा, आणि प्रत्येक गाडीचा किमान वेग नोंदवा. दहावीचा किमान वेग दुसरीच्या किमान वेगापेक्षा खाली गेला, तर धक्का वाढतोय. दुसरी वर्तुळावरची. सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 230 मीटर परिघाच्या वर्तुळावर 22 गाड्या होत्या. सिग्नल नाही, फाटा नाही, अडथळा नाही, तरी कोंडी तयार झाली आणि ताशी सुमारे 20 किमी वेगाने मागे सरकत राहिली. माणसासाठी बसवलेलं तुमचं मॉडेल या वर्तुळावर गुळगुळीत फिरत राहिलं, तर त्याच मॉडेलच्या गर्दीत ‘स्मार्ट गाडीने लाट शमवली’ असं दाखवण्यात काही अर्थ नाही. शमवायला लाटच नव्हती. प्रत्यक्ष रस्त्यावर एका नियंत्रित गाडीने वीसेक माणसांच्या गाड्यांमधली लाट विझवता येते, हे स्टर्न आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या वर्तुळ-प्रयोगाने दाखवलं आहे. तुलना करायला आधार आहे, तो वापरावा.

कंट्रोलर लिहिताना अजून एक गोष्ट राहून जाते. सिम्युलेशनमधल्या गाडीला पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग त्याच क्षणी, अचूक कळतो, आणि मागितलेलं त्वरण लगेच मिळतं. खऱ्या गाडीत सेन्सरचा विलंब असतो, गोंगाट काढणाऱ्या गाळणीचा (फिल्टरचा) असतो, इंजिन आणि ब्रेकचाही असतो. 0.3 ते 0.5 सेकंदाचा विलंब घालून वरच्या दोन्ही चाचण्या परत चालवल्या की बरेच सुंदर आलेख वाकडे होतात. बाजारात मिळणाऱ्या अॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलच्या (पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेच्या) प्रत्यक्ष चाचण्यांमध्येही धक्का मागे वाढत जाताना दिसला आहे, तेव्हा आपल्या मॉडेलमधली रांग फारच शहाण्यासारखी वागत असेल तर संशय घ्यावा.

मिश्र वाहतुकीत टक्केवारीचा हिशेब जपून करा. वायरलेसने एकमेकांशी बोलणाऱ्या, म्हणजे जोडलेल्या, गाड्यांना छोटा गॅप तेव्हाच ठेवता येतो जेव्हा पुढचीही बोलणारी असते. 30 टक्के गाड्या जोडलेल्या असतील आणि त्या सरमिसळ धावत असतील, तर अशा जोड्या फक्त 9 टक्के. बाकी 21 टक्के गाड्यांनी साध्या अॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलच्या गॅपवर परतायला हवं. पुढे कोण आहे हे न पाहता कोडमध्ये सगळ्या 30 टक्क्यांना छोटा गॅप दिलेला असेल, तर फायदा फुगतो.

आता माणसांच्या बाजूचं कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल मोजलेल्या आकड्यांशी जुळवणं. मोजलेला आणि मॉडेलचा प्रवाह जुळतो का हे पाहायला जीईएच नावाचा आकडा वापरतात: दोन्हींच्या फरकाचा वर्ग गुणिले 2, भागिले दोन्हींची बेरीज, आणि त्याचं वर्गमूळ. 85 टक्के ठिकाणी ते 5 च्या खाली असावं, असा रूढ निकष आहे. पण त्याचा स्वभाव ओळखून वागावं. मोजलेल्या 90 गाड्या आणि मॉडेलमध्ये 50, तरी जीईएच 4.8, म्हणजे पास. मोजलेल्या 4000 आणि मॉडेलमध्ये 3680, म्हणजे जेमतेम 8 टक्के चूक, तर 5.2 येऊन नापास. शिवाय हे सूत्र ताशी प्रवाहासाठी आहे. 15 मिनिटांचे आकडे तसेच घातले तर उत्तर निम्मं येतं आणि सगळंच पास होतं. आणि फक्त प्रवाह जुळवून भागत नाही, कारण तोच प्रवाह मोकळ्या रस्त्यावरही असतो आणि कोंडीतही. वेग किंवा प्रवासाचा वेळ, आणि सिग्नलपाशी रांगेची लांबी, हेही जुळलं पाहिजे. मला विचाराल तर रांगेची लांबी सगळ्यात निर्दय परीक्षक आहे.

गाड्यांच्या क्षणाक्षणाच्या जागांचा डेटा वापरणार असाल तर वेगाचं अवकलन करून त्वरण काढण्याआधी गाळणी लावा. एनजीसिम या अमेरिकी रस्त्यांवरच्या संग्रहाच्या कच्च्या डेटात, जो सेकंदाला 10 नोंदींचा आहे, कुठल्याही गाडीला न झेपणारी त्वरणं सापडतात. त्यावर बसवलेलं मॉडेल गोंगाट शिकतं.

सुमो हे वाहतूक सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी काही खास सापळे. अडकून पडलेली गाडी 300 सेकंदांनी उचलून पुढच्या रस्त्यावर ठेवायची, ही त्याची मूळ सेटिंग आहे. जाळं पूर्ण जाम झालं तरी गाड्या ‘टेलिपोर्ट’ होत राहतात आणि सरासरी वेग बरा दिसतो. लॉगमधली टेलिपोर्टची संख्या प्रत्येक रननंतर पाहा. एक-दोन असतील तर चौक तपासा, शेकड्यांनी असतील तर तो निकाल फेकून द्या. ही सोय उणे 1 देऊन बंदही करता येते, मग जाम जामसारखा दिसतो. दुसरा सापळा जास्त कावेबाज: सिम्युलेशन संपताना वाटेत असलेल्या गाड्या ट्रिपच्या फाइलमध्ये मुळात लिहिल्याच जात नाहीत, आणि जाळ्यात शिरायलाच जागा न मिळालेल्या गाड्यांचा वेळ प्रवासाच्या वेळात धरला जात नाही. त्यामुळे जितकी कोंडी वाईट, तितकी सरासरी चांगली, असा उलटा प्रकार होऊ शकतो. अपूर्ण ट्रिप लिहिण्याचा पर्याय चालू करा, निघण्याचा विलंब प्रवासाच्या वेळात मिळवा, आणि शेवटी जाळं रिकामं होईपर्यंत रन चालू द्या.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून नेटवर्क आणलं असेल तर लेनची संख्या, उजव्या-डाव्या वळणाच्या लेन आणि सिग्नलचे टप्पे हाताने तपासावेच लागतात. एका मोठ्या चौकाचे चार छोटे चौक होऊन प्रत्येकाला वेगळा सिग्नल मिळालेला असतो. रांग विचित्र जागी उभी दिसली की आधी तिथे झूम करा.

सुरक्षिततेचे निष्कर्ष हा तर वेगळाच विषय. सुमोतलं गाडीमागे गाडी चालवण्याचं मूळ क्राउस मॉडेल अपघात होऊ नये अशाच सूत्रावर उभं आहे, फक्त टाइम गॅप टाइम-स्टेपपेक्षा (सिम्युलेशन एका पावलात जितका वेळ पुढे सरकतं त्यापेक्षा) लहान नको. अशा जगात टक्कर होण्याआधी उरलेल्या वेळाचं वितरण काढून 1.5 सेकंदाखालच्या घटना मोजल्या, तर ड्रायव्हरबद्दल फारसं काही कळत नाही, सूत्राबद्दल कळतं. दुर्लक्ष, उशिरा लागलेला ब्रेक, चुकीचा अंदाज हे मॉडेलमध्ये मुद्दाम घातलेलं नसेल तर सुरक्षिततेवर बोलू नये.

राहिले सीड, म्हणजे रनमधली यादृच्छिकता ठरवणारे सुरुवातीचे आकडे. एका रनवर कुठलाच आकडा देऊ नका. आधी 10 रन चालवा. समजा सरासरी विलंबाचं प्रमाण विचलन 12 सेकंद आलं आणि 95 टक्के खात्रीने 5 सेकंदांच्या आत उत्तर हवं आहे, तर 2.262 (10 रनसाठीचं सांख्यिकीतलं टी-मूल्य) गुणिले 12, भागिले 5, आणि त्याचा वर्ग: म्हणजे जवळपास 30 रन. रन वाढले की टी-मूल्य उतरतं, म्हणून पुन्हा हिशेब केल्यावर 25 वर येऊन थांबतं. दोन पर्यायांची तुलना करताना दोन्हीकडे तेच सीड द्या आणि सीडनिहाय फरक काढा. रन सुरू होताना रस्ता रिकामा असतो, त्यामुळे सर्वांत लांबचा प्रवास गर्दीत जितका वेळ घेतो निदान तेवढी सुरुवातीची मिनिटं मोजणीतून वगळा. ही मिनिटं दोन्ही पर्यायांत सारखीच ठेवा, नाहीतर फरक तिथूनच येतो.