मूळ भारी की त्या दोघी बहिणींचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इंदिरानगरातल्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत गिटार शिकायला येणारी पोरं साधारण तिसऱ्या महिन्यात हा विषय काढतातच. "सर, 'स्टेअरवे टू हेवन' लेड झेपलिनचं भारी की हार्टचं?" आणि मग मिसळ खाताना होतात तशी भांडणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लेड झेपलिन हा ब्रिटिश रॉक बँड, हार्ट हा अमेरिकन. डिसेंबर २०१२, वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर. लेड झेपलिनचे हयात असलेले तिघे सत्कारमूर्ती म्हणून वर बाल्कनीत बसलेत आणि खाली त्यांचंच १९७१ चं गाणं हार्टच्या ॲन आणि नॅन्सी विल्सन गातायत. ड्रमवर जेसन बोनम. त्याचे वडील जॉन बोनम हे झेपलिनचे ड्रमर, १९८० साली वारले. जॉन घालायचे तशी गोल टोपी जेसनच्या डोक्यावर, नंतर येणाऱ्या गायकवृंदाच्याही डोक्यावर. झेपलिनचे गायक रॉबर्ट प्लँट यांचे डोळे भरून आलेले कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात.

एक गट म्हणतो, नुसती भावनेची कमाई आहे, गाणं मूळचंच. दुसरा म्हणतो, ॲनसारखा आवाज मूळ गाण्यात नव्हता. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात, कारण भांडताना ड्रमकडे कोणी बघत नाही.

हे गाणं आठ मिनिटांचं, आणि त्यातली चार मिनिटं उलटून जाईपर्यंत ड्रम वाजतच नाही. गिटार आणि झेपलिनच्याच जॉन पॉल जोन्सनं वाजवलेल्या बासऱ्या, बस. माझे वडील आतल्या खोलीतून ओरडायचे, "अरे, गाणं सुरू कधी होणार?" पण आपल्याकडे ख्याल ऐकलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. लय मुद्दाम वाढत नेली आहे, आणि ठेका उशिरा आला म्हणूनच तो आल्यावर अंगावर येतो.

ते कळायला मला एक फजिती लागली. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही हे वाजवायला घेतलं. आमचा ड्रमर दोन मिनिटं काठ्या मांडीवर ठेवून बसला, तिसऱ्या मिनिटाला त्याचा धीर सुटला. "किती वेळ नुसता बसू, पब्लिक बघतंय ना!" त्यानं धाडकन सुरुवात केली आणि गाण्याचा भजनाच्या गजरासारखा कल्ला झाला. मंचावरून खाली उतरल्यावर एकानं मलाच ऐकवलं, "गिटारचा सोलो रेकॉर्डसारखा नव्हता." अरे बाबा, झेपलिनचा गिटारवादक, खुद्द जिमी पेजचा तरी कुठे असायचा? स्टुडिओत त्यानं तो टेलिकास्टर गिटारवर वाजवला, मंचावर दुहेरी मानेच्या गिब्सनवर, आणि १९७३ च्या न्यूयॉर्कच्या मैफलीत त्यानं सोलो लांबवून वेगळाच फिरवलाय.

तर माझं उत्तर असं: सुरुवात मूळचीच. बासऱ्यांमागची ती पोकळी केनेडी सेंटरच्या भरल्या सभागृहात सापडत नाही. पण ठेका येतो तिथून पुढे मी त्या दोघी बहिणींच्या बाजूला जातो. तो हात मुलाचा आहे आणि वर बसलेल्या तिघांना ते माहीत आहे, एवढंच कारण. हे संगीतातलं कारण नाही, असं पोरं म्हणतात. नसेल.

आणि हो, माझ्या 'मूळ'बद्दलही सांगून टाकतो. चुलतभावानं मला हे गाणं कॅसेटवर भरून दिलं होतं, किशोरच्या गाण्यांनंतर उरलेल्या जागेत. जागा पुरली नाही. सोलो ऐन रंगात आला की खट्ट करून बटण वर यायचं. दोन वर्षं माझ्या लेखी गाणं तिथेच संपत होतं. पुढे एका मित्राकडे सीडीवर पूर्ण ऐकलं, सगळी वाद्यं थांबली आणि प्लँटनं शेवटची ओळ एकट्यानं म्हटली, तेव्हा मी मित्राला विचारलं होतं, "हे कोणी जोडलंय?"