नर-मादी, चौकोनी कंस आणि मी

नळदुर्गच्या किल्ल्यात मी लहानपणापासून हुंदडलोय. बोरी नदीला पाणी आलं की नर-मादी धबधबे बघायला पळायचं, हे आमचं ठरलेलंच. त्यामुळं किल्ल्यातल्या बांधाच्या पोटात असलेल्या पाणी महालाबद्दल मराठी विकिपीडियावर आपणही भर घालावी असं वाटलं. खातं उघडलं, 'संपादन' दाबलं आणि एका बैठकीत दोन परिच्छेद हाणले.

गुरुजींनी लावलेली सवय, परिच्छेदाच्या सुरुवातीला बोटभर जागा सोडायची. मी स्पेस दाबली. जतन करून बघतो तर मजकूर एका चौकटीत, एकाच लांबलचक ओळीत, स्क्रीनच्या बाहेर पळालेला! अर्धा तास चूक शोधली. ओळीच्या आधी रिकामी जागा दिली की विकी तो मजकूर 'आहे तसा' छापतं. नवा परिच्छेद हवा तर मध्ये एक ओळ मोकळी सोडायची, बास.

दुरुस्त करून झोपलो. सकाळी सगळंच गायब. 'इतिहास' उघडला तर कुणीतरी माझं लेखन उलटवलेलं, शेरा होता: संदर्भ नाही, भाषा विश्वकोशीय नाही. डोकंच फिरलं. नर-मादीच्या तुषारांत भिजत वाढलेल्याला संदर्भ मागता? मग स्वतःचंच लेखन परत वाचलं. 'डोळ्यांचे पारणे फेडणारा', 'एकदा तरी अवश्य पाहावा'. सहलीच्या पत्रकात शोभलं असतं.

मग धूळपाटीवर बसलो. ही सरावाची जागा, काहीही मोडा, कुणी ओरडत नाही. दोन्हीकडं == दिलं की मथळा, तीन एकेरी अवतरणचिन्हं दिली की ठळक, हे लगेच जमलं. दुव्यांनी मात्र घाम काढला. 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं, म्हणून दुवा त्या नावाच्या पानाला द्यायचा, पण वाक्यात मला नुसतं 'जिल्ह्यात' हवं होतं. त्याला [[धाराशिव जिल्हा|जिल्ह्यात]] असं लिहायचं. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर ना चौकोनी कंस, ना उभी रेघ. एका दुव्यासाठी चार वेळा कीबोर्ड बदलायचा.

संदर्भाची तऱ्हा वेगळीच. संदर्भ <ref> आणि </ref> या दोन खुणांच्या (टॅगच्या) मध्ये लिहायचा. पहिला टॅग बंद करायला विसरलो, तर पुढच्या संदर्भापर्यंतचा मजकूर पानावरून नाहीसा झाला, त्याच्या पोटातच गेला म्हणा ना. तेव्हापासून 'झलक पहा' दाबल्याशिवाय जतन करत नाही.

शेवटी जिल्हा गॅझेटियर धुंडाळलं. 'दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्यात पाणी महाल बांधला' एवढं साधं वाक्य, पुढं संदर्भ. ते टिकलं. दोन दिवसांनी कुणी अनोळखी सदस्य येऊन माझी शुद्धलेखनाची एक चूकही सुधारून गेला.

रात्री अण्णांनी विचारलं, "काय करलालास रे मोबाइलवर? पैसे देतेत का?"

"नाही, फुकट."

चष्मा लावून त्यांनी पान वाचलं. "बरं हाय. पर नर कंचा अन् मादी कंची, ते कुठं लिवलास?"

तेवढंच राहिलंय. संदर्भ सापडेना.