जकार्ताचा इस्तोरा आणि सिंधूची एशियाड फायनल

ऑगस्ट 2018 मध्ये जकार्ताला एशियन गेम्स होत्या, कॉलेजातला मित्र तिकडेच नोकरीला, म्हणजे राहायचा खर्च शून्य, मग न जायला काही कारणच उरलं नव्हतं. बायकोला बाली बघायचं होतं आणि मला बॅडमिंटन, शेवटी आधी बॅडमिंटन मग बाली असा तह झाला. (बालीचं ती लिहील, लिहिलं तर.)

ट्रॅफिकबद्दल सगळेच रडतात, पुण्याच्या माणसाला त्यात नवीन काही दिसलं नाही. ट्रान्सजकार्ता बस मात्र भारी, स्वतःच्या लेनमधून सुसाट जाते, गेलोरा बुंग कार्नोला उतरलं की समोर सगळं क्रीडासंकुल. जेवणाचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी अंडं आणि कोळंबीचं काही घालू नका असं सांगून गाडो-गाडो मागवा, उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची गोडसर चटणी, आम्ही जवळजवळ रोज तेच हाणलं. तिकिटांनी मात्र जीव काढला, साईट ऐन वेळी लटकायची आणि खिडकीवर मरणाची रांग.

आता इस्तोरा. 1962 च्या एशियाडसाठी हे स्टेडियम बांधलं, आणि बॅडमिंटन एशियाडमध्ये आलं तेही त्याच वर्षी, महिला एकेरीचं पहिलं गोल्ड इंडोनेशियाच्याच मिनार्नीचं. त्यामुळे इथल्या लोकांना हा खेळ आपल्या घरचा वाटतो. (खेळाचे सुरुवातीचे नियम आमच्या पुण्यातल्या छावणीत ठरले हे मी मित्राच्या ऑफिसातल्या लोकांना ऐकवलं, नाहीतर पुणेकर कसला.) आवाज तर काय सांगू. हवा भरलेल्या काठ्या एकमेकींवर आपटत ‘इन-डो-ने-सिया’ चालू असतं, आणि त्यांचा खेळाडू प्रत्येक फटका मारतो तेव्हा अख्खं पब्लिक ‘एऽऽआ’ करून ओरडतं, म्हणजे वीस फटक्यांची रॅली असेल तर वीस वेळा. ग्रेगोरिया तुनजुंग सिंधूसमोर खेळत होती तेव्हा आम्हा दोघांचं ‘सिंधू सिंधू’ आम्हालाच ऐकू येत नव्हतं.

रविवारी 26 तारखेला क्वार्टर फायनल. साईना पहिल्या गेममध्ये थायलंडच्या रत्चानोकसमोर इतकी मागे पडली होती की बायको म्हणाली चल काहीतरी खाऊन येऊ, मी म्हटलं थांब जरा, आणि बाईंनी तो गेम 21-18 खेचून काढला, दुसरा 21-16. तिथेच मेडल पक्कं, कारण सेमीत हरणाऱ्या दोघींनाही ब्राँझ मिळतं. 1982 ला दिल्लीत सय्यद मोदींना ब्राँझ मिळालं होतं, त्यानंतर बॅडमिंटनच्या एकेरीत आपलं हे पहिलंच. सिंधूही जिंकली, पण तीन गेम घेऊन.

सोमवारची सिंधू आणि जपानच्या यामागुचीची सेमी ही मी आजवर प्रत्यक्ष बघितलेली सगळ्यात दमवणारी मॅच. यामागुची उंचीने एवढीशी, पण कुठलंही फूल (शटल) खाली पडू देत नाही, उचलतेच. सिंधूने पहिला घेतला, दुसरा घालवला, आणि तिसऱ्यात एकदम 21-10. साईना मात्र तैवानच्या ताइ त्झु-यिंगकडून सरळ गेममध्ये हरली.

आणि मंगळवारी फायनल, सिंधू विरुद्ध ताइ. आम्हाला जागा कोर्टाच्या मागच्या बाजूला मिळाली, आधी वैतागलो होतो पण तीच लॉटरी ठरली. टीव्हीवर ताइचा शॉट बघताना वाटतं की अरे सिंधू पोचली कशी नाही, एवढं काय अवघड होतं. मागून बघितल्यावर कळतं. ताइ फुलाखाली वेळेत येऊन उभी राहते, रॅकेट वर, हात पूर्ण तयार, आणि मग मारतच नाही. अर्धा क्षण नुसती थांबते. समोरच्या खेळाडूला कुठल्यातरी बाजूला वजन टाकावंच लागतं, सिंधूचा उजवा पाय किंचित हललेला मला वरून दिसायचा, आणि नेमकं तेव्हाच मनगट वळून फूल उलट्या कोपऱ्यात. तोच हात, तीच तयारी, कधी ड्रॉप, म्हणजे नेटजवळ हलकेच, कधी सपाट मागे. पाच फूट अकरा इंचाची सिंधू, तिचे हात कुठवर पोचतात आपल्याला माहीत आहे, तरी ती कित्येकदा निघाल्यावर परत वळत होती. 21-13, 21-16, चौतीस मिनिटांत खलास. जागा शोधून बूड टेकेपर्यंत मॅच संपली असं बायकोचं म्हणणं.

लगेच फोनवर मेसेज सुरू, सिंधूला फायनलचं प्रेशर झेपत नाही, परत सिल्व्हर वगैरे. मला हे मुळीच पटलं नाही आणि आजही पटत नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकनंतर तिला ताइला एकदाही हरवता आलं नव्हतं, त्यात फायनल आणि पहिली राऊंड असा काही फरक नव्हता. समोरची जगातली नंबर वन होती आणि त्या दिवशी तिचं सगळं लागत होतं. शिवाय एशियाडमध्ये बॅडमिंटनचं सिल्व्हर याआधी कुठल्याच भारतीयाला मिळालं नव्हतं, हे कोणी बोलेना. आणि पुढच्याच वर्षी बासेलला सिंधूने वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल जपानच्या ओकुहाराविरुद्ध 21-7, 21-7 अशी मारली, तेव्हा हेच लोक स्टेटस टाकत होते, असो.

एशियाडच्या फायनलच्या त्याच दिवशी इंडोनेशियाच्या जोनातन क्रिस्टीने पुरुष एकेरीचं गोल्ड घेतलं. त्यानंतर त्या स्टेडियममध्ये जे झालं ते लिहून कळणार नाही, कानात तासभर शिट्टी वाजत होती.

जाणाऱ्यांसाठी: इंडोनेशिया ओपनही इथेच होत आलीये, त्यामुळे एशियाडची वाट बघायची गरज नाही. 2019 पासून एमआरटी (मेट्रो) चालू आहे, इस्तोराच्या नावाचं स्टेशनच आहे. तिकीट काढताना कोर्टाच्या मागची बाजू मिळाली तर सोडू नका, आणि कानात घालायला कापूस न्या.