मानेचा मळ

आमच्याकडं बाजाराच्या दिवशी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, त्यात मे महिना. ऊसतोडीहून परतलेली माणसं पाच-सहा महिन्यांची साठलेली दुखणी घेऊन रांगेत उभी. त्या गर्दीत एक आई तेवीस वर्षांच्या लेकीला घेऊन समोर बसली. एवढ्या उन्हात पोरीनं गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली.

"मॅडम, हिच्या मानेचा मळ निघंना. घासून घासून माझे हात दुखायलेत. दोन स्थळं परत गेली."

ओढणी सोडायला पोरीनं बराच वेळ घेतला. मानेमागची कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झालेली. कडेनं बारीक लोंबत्या चामखिळी. आणि त्या काळ्यावर वजरीनं सोललेल्या लाल रेघा. एका रेघेतून पाणी येत होतं.

आईनं पिशवीतून जुना केसपेपर काढला. गेल्या वर्षी पाळी दोन-दोन महिने चुकते म्हणून दाखवायला आलेल्या. वजन ७९, उपाशीपोटी शुगर ९०, आणि खाली "शुगर नॉर्मल, वजन कमी करणे". अक्षर माझंच होतं. तेव्हाही तिच्या गळ्यात ओढणी असणारच. ती बाजूला करायला मी सांगितलं नव्हतं. तो कागद हातात धरून मला बोलायला सुचेना.

त्या दिवशी घाई केली नाही. टेप लावली, कंबर १०४ सेंटिमीटर. आपल्याकडं बाईची ८० आणि पुरुषाची ९०च्या वर गेली की सावध व्हायचं. वजन ८४, उंची १५४. पोटावरची चरबी, मान, चामखिळी, चुकणारी पाळी, सगळं एकाच गोष्टीकडं बोट दाखवत होतं, इन्सुलिन रेझिस्टन्स. म्हणजे रक्तातली साखर काबूत ठेवणाऱ्या इन्सुलिनला अंग दाद देत नाही. खरं तर निदान तिथंच झालं होतं. तरी रक्त पाठवलं. शुगर ९२, तीन महिन्यांची सरासरी ५.६, म्हणजे पुन्हा नॉर्मल. पण रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, २१२, जास्त, आणि चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, फक्त ३६. उपाशीपोटी इन्सुलिन २४. शुगरला इन्सुलिननं गुणून ४०५ नं भागलं की रेझिस्टन्सचा अंदाज येतो. हिचा साडेपाचच्या आसपास आला, आणि ते बरंच जास्त आहे. इन्सुलिनचा आकडा लॅबनुसार बदलतो, म्हणून त्या एकट्यावर मी विसंबत नाही. मान आणि टेप मात्र आमच्या उपकेंद्रातही आहे.

आईला सांगितलं, "मावशी, हा मळ नाही. हाक ऐकू न येणाऱ्याला आपण आणखी मोठ्यानं हाक मारतो ना, तसं हिचं अंग इन्सुलिनचं ऐकत नाही, म्हणून ते जास्त जास्त तयार होतंय. त्यामुळंच शुगर अजून काबूत दिसतेय. आणि तेच वाढलेलं इन्सुलिन कातडी जाड करतंय. साबणानं काय, दगडानं काय, ते जाणार नाही."

मावशी कितीतरी वेळ लेकीच्या मानेकडं बघत राहिल्या. मग पदरानं ती ओली रेघ हळूच टिपली.

पोरगी झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर बसून असते. गोड चहा पाच-सहा वेळा, सोबत खारी किंवा बिस्किटं, रात्री उशिरा भात. उपास करायला लावला नाही. चहातली साखर आणि खारी बंद, ताटात डाळ-उसळ वाढवायची, भात मूठभर आणि जेवणानंतर रोज चालायचं. वजन पाच-सहा किलो उतरलं तरी अंग इन्सुलिनचं ऐकायला लागतं, हे तिला दोनदा सांगितलं. पाळीसाठी स्त्रीरोग तज्ज्ञांकडं चिठ्ठी दिली.

दिवाळीच्या आधी आली तेव्हा कंबर ९७ होती, पाळी दोन महिने वेळेवर. मान अजून काळीच, पण मऊ, आणि ओरखडा एकही नाही. यंदा मावशी तोडीला जायच्या होत्या, म्हणून सोबत चौदा वर्षांचा धाकटा भाऊ आला होता, गुबगुबीत, लाजरा. माझं लिहून व्हायच्या आत तिनंच त्याच्या शर्टाची कॉलर मागून खाली ओढली.

"मॅडम, ह्याची पण बघा."