आईला गावी एकटीला का ठेवलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. लग्नकार्यात भेटलात की विचारता, म्हापशाच्या बाजारात भेटलात की विचारता. गेल्या चतुर्थीला गणपतीवरची माटोळी, फळापानांचं छत, बांधता बांधता मामेभावानं सगळ्यांदेखत विचारलं, "पर्वरीला तुझा एवढा फ्लॅट, लिफ्ट आहे, डॉक्टर दहा मिनिटांवर, आणि ८३ वर्षांची आत्या तिकडे सत्तरी तालुक्यात, सुपारीच्या त्या कुळागराच्या घरात एकटी?" मी तेव्हा आंब्याचे टाळे बांधत राहिले. एका वाक्यात उत्तर दिलं की ते सबबीसारखं ऐकू येतं, आणि दोन वाक्यं ऐकायला कुणी थांबत नाही.

काकू गेली, मी आईला पर्वरीला आणलं, १५ महिन्यांनी ती परत गेली, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ते पुन्हा सांगत नाही. तुम्हाला ठाऊक नाही ती मार्चमधली एक दुपार.

त्या दिवशी मी कॉलेजातून अडीचला घरी आले. दाराला बाहेरून कडी. आत आई नाही. माझ्या पोटात गोळा आला. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली धावले, तर पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर आई पायरीवर बसलेली. तिच्या खालच्या पायरीवर जिना पुसणारी मुलगी, आईच्या दोन गुडघ्यांमध्ये पाठ टेकून, केस मोकळे सोडून, डोळे मिटून. बाजूला पोछ्याची बादली. आईच्या हातात तिची लाकडी फणी, शेजारी खोबरेल तेलाची बाटली. आणि आई बोलत होती. काकूच्या केसांबद्दल सांगत होती, नवी नवरी होऊन आली तेव्हा तिची वेणी कशी गुडघ्यापर्यंत होती, न्हायल्यावर केस वाळायला राजांगणात कसं तासभर उन्हात बसावं लागे. पाच महिन्यांत मी आईला सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या एक बाई कठड्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, जिन्यावर तेल सांडतंय. उद्या कुणी घसरलं तर?"

मी काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "आई, ऊठ आधी. कामवालीचे केस विंचरत बसलीस? लोक काय म्हणतील?"

ती मुलगी दचकून उठली. वेणी अर्धीच झाली होती. ती तशीच हातात धरून बादली उचलून खाली गेली. आईनं पदराला हात पुसले. मग ती बाटलीचं झाकण शोधायला लागली. झाकण घरंगळत दोन पायऱ्या खाली गेलं होतं. आई भिंतीला धरून हळूहळू खाली उतरली, वाकली, झाकण उचललं, परत चढली. मी वरच उभी होते. दोन पायऱ्या. मी उतरले नाही.

घरात येऊन तिनं फणी पिशवीच्या तळाशी घातली. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीला आमच्या बिल्डिंगला पाठवणं बंद झालं. चार-पाच दिवसांनी आईनं विचारलं, "ती पोर येत नाही गो?" मी म्हटलं, सुट्टीवर असेल. त्यानंतर आईनं विचारलं नाही. हळूहळू बोलणं कमी झालं, जेवण अर्ध्या पोळीवर आलं, पहाटे साडेचारला उठणारी बाई नऊ वाजले तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. रक्तदाबाची गोळी वाढली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मीही तेच म्हणायचे. तीसेक वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलं, म्हातारपण म्हणजे पेशींची झीज हे फळ्यावर लिहून दिलं. तेव्हा वय हे उत्तर मला पुरेसं वाटलं.

माकडांबद्दल मी वाचायला लागले ते नंतर, आणि खरं सांगायचं तर स्वतःला बरं वाटावं म्हणून नव्हे. बारावीच्या एका मुलीला प्रकल्प हवा होता. केनियातल्या अंबोसेलीत बबूनांचे कळप १९७१ पासून पिढ्यान्‌पिढ्या बघितले जाताहेत, कोण कुणाशेजारी बसतं, कोण कुणाचे केस चाळतं, कोण किती जगतं, सगळं लिहून. ज्या माद्यांना इतरांचा सहवास जास्त, त्या जास्त जगतात, असं तिथे दिसलं. बोत्स्वानातल्या मोरेमीतही तसंच, ज्यांची मैत्री घट्ट आणि वर्षानुवर्षं तीच, त्या दीर्घायुषी. इथवर मला काही टोचलं नाही. मग सिल्व्हिया भेटली.

सिल्व्हिया मोरेमीतली बबून. डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ या जोडप्यानं तो कळप वर्षानुवर्षं पाहिला. सिल्व्हिया कळपात वरच्या मानाची, खालच्यांना जवळ न करणारी. तिची सगळी ऊठबस एका मुलीशी, तिचं नाव सिएरा. सिएराला सिंहानं मारलं. अशी जवळची व्यक्ती गमावलेल्या माद्यांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं तपासली तेव्हा ती पहिल्या महिन्यात चढलेली सापडली. आणि त्या माद्यांनी काय केलं? जास्त जणींचे केस चाळायला लागल्या, नव्या नव्या जोडीदारणी धरल्या. दुसऱ्या महिन्यात संप्रेरकं खाली आली. सिल्व्हिया तर स्वतःहून खूप खालच्या मानाच्या माद्यांकडे जाऊन बसायला लागली.

हे वाचताना मला आमचा जिना दिसला. काकू आणि आई नुसत्या जावा नव्हत्या. ५० वर्षं एका चुलीवर, रोज संध्याकाळी सोप्यावर बसून एकमेकींची वेणी घालायच्या, आबोलीची फाती, म्हणजे गुंफलेला गजरा, माळायच्या. काकू गेली आणि आईच्या हातांना काम उरलं नाही. त्या अनोळखी घरात पाच महिन्यांनी तिला एक डोकं सापडलं होतं. तिचं दुखणं तिनं स्वतः ओळखलं होतं आणि औषधही स्वतः शोधलं होतं. ते मी तिच्या हातातून काढून घेतलं, तेही लोकांसाठी.

तुम्ही म्हणाल, माणूस म्हणजे माकड नव्हे. मान्य. पण आणखी एक ऐका. अमेरिकेत ऱ्हीसस जातीच्या ४५ माकडिणींचे पाच-पाचचे नऊ कळप केले. जी आधी आली ती वरच्या मानाची, जी शेवटी आली ती तळाची, एवढ्यावर तिथे पायरी ठरत गेली. तळाच्या माद्यांच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी दाह वाढवणाऱ्या बाजूला झुकल्या. अन्न तेच, जागा तशीच. मग कळप मोडून नवे केले, पायऱ्या बदलल्या, तेव्हा पेशींमधल्या जनुकांचं वागणंही नव्या पायरीप्रमाणे बदललं. माझ्या घरात आई शेवटी आलेली होती. कुळागराचा कारभार चालवलेली, सुपारी काढणाऱ्यांचा हिशेब तोंडी ठेवणारी बाई माझ्या स्वयंपाकघरात विचारायची, "गॅस लावू?" मी प्रेमानं म्हणायचे, तू बस, मी करते. तिला मी वागवलं वाईट असं नाही. पण पायरी पायरीच असते. आणि पायरी बदलली तर शरीर परत वळू शकतं, ते वाचल्यावर मी तिची पिशवी भरली.

आता माझ्याच विरुद्धचं सांगते, कारण ते लपवून माझी बाजू मांडली तर मीच मला फसवीन.

पोर्तो रिकोजवळ कायो सांतियागो नावाचं बेट आहे. १९३८ मध्ये आपल्या इथून, भारतातून, ऱ्हीसस माकडं नेऊन तिथे सोडली, आजची सगळी त्यांचीच वंशज. तिथल्या माद्या वय वाढेल तशा आपली संगत आक्रसत नेतात. अनेकींबरोबर बसणं कमी, पण नात्यातल्या आणि जुन्या घट्ट जोडीदारणी सोडत नाहीत. म्हणजे म्हातारपणी आई कमी बोलायला लागली तर ते दुखणंच होतं कशावरून? आणि रक्ताच्या नात्याची म्हणावी तर मी होते ना घरात? पर्वरीतली ती जुनी मी अजून हेच म्हणते, "तिला मी पुरले असते, तू घाई केलीस." मी तिला सांगते, तू सकाळी सातला जायचीस आणि संध्याकाळी वह्या तपासायचीस, नातं होतं, शेजारी बसणं कुठे होतं? ती म्हणते, मग नोकरी दोन वर्षं आधी सोडायची होतीस. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि हेही. आईला सोडून आले त्या रात्री मला गाढ झोप लागली. किती महिन्यांनी. माकडांचे अभ्यास खरे आहेत, पण त्यांनी मला मोकळीकही दिली. माझी धाकटी बहीण म्हणते की तू शास्त्राचा आडोसा घेतलास. मी तिच्याशी भांडले. ती पूर्ण चुकीची आहे असं मला वाटत नाही.

'एकटी' या शब्दावर मात्र मी अडून बसेन. सकाळी शेजारची वहिनी दूध ठेवते, चहा तिथेच पिते. नवाला पोई, म्हणजे पाव, घेऊन येणाऱ्याचा भोंगा. काजूच्या दिवसांत माकडं बागेत उतरली की आई सोप्यावरून डबा वाजवते आणि तीन घरांतून तिला प्रतिसाद येतो. दुपारी शाळेतून परतणाऱ्या दोन मुली पाणी प्यायला थांबतात. संध्याकाळी कुणाची ना कुणाची फाती चालू असते. पर्वरीत माझ्या दाराची घंटा कुरियरवाला वाजवायचा.

तुम्ही आता पडण्याचं काढणार. २०२४ च्या जुलैत, धो धो पावसात, आई पहाटे न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दोन-अडीच तास ओल्या जमिनीवर पडून होती. मागचं दार उघडं दिसलं नाही, न्हाणीच्या चुलीचा धूर दिसला नाही, म्हणून वहिनी आली. त्या अडीच तासांचा हिशेब मला रोज द्यावा लागतो, तुम्ही विचारलं नाहीत तरी. पर्वरीत ती सकाळी साडेसातला पडली असती तर अडीचपर्यंत कुणाला कळलं नसतं, असं मी म्हणते. पर्वरीतली न्हाणी कोरडी असते, असं मामेभाऊ म्हणतो. दोन्ही खरं आहे.

ऑपरेशननंतर तीन महिने ती माझ्याकडे होती. मी तोवर निवृत्त झाले होते, दिवसभर शेजारी बसायचे, तिचे केस विंचरायचे, माझे तिला विंचरायला द्यायचे. चांगले गेले ते दिवस. तरी वॉकरनं दहा पावलं टाकता आली त्या दिवशी तिनं विचारलं, "मला कधी सोडतेस घरी?" मी म्हटलं, हे घर नाही का? ती म्हणाली, "तुझं आहे गो." रागानं नव्हे. मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्या पोरीची वेणी अर्धीच राहिली." मी सोसायटीत चौकशी केली. सफाईचा ठेकेदार बदललेला, त्या मुलीचं नाव कुणालाच आठवत नव्हतं. आईला पाठ होतं. तिच्या आईचं, भावाचं, गदगजवळच्या गावाचंही.

यंदा मिरगाच्या आधी न्हाणीत दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवले, खाली खडबडीत लाद्या घातल्या. वहिनीच्या घरात वाजेल अशी घंटा आईच्या उशाशी आहे. रात्री झोपायला वहिनीची मुलगी येते, पण दहावीचं वर्ष आहे, परीक्षा झाली की पुढे शिकायला ती फोंड्याला जाईल. मग रात्री कोण, हे अजून ठरलेलं नाही. मी आठवड्यातले चार दिवस तिथे राहते. बाकीचे तीन दिवस पाऊस वाढला की फोन करते, आणि आई पहिल्या घंटेला उचलत नाही, कारण ती सोप्यावर असते.